उष्णजल विवरांभोवतीची जीवसृष्टी

सागरतळाच्या भेगांतून खनिजयुक्त तप्त पाणी जेथे बाहेर पडते, त्या ठिकाणांना उष्णजल विवरे म्हणतात. भूपट्ट परस्परांपासून दूर सरकतात तेथे ती प्रामुख्याने आढळतात. काही विवरांतील पाण्याचे तापमान ३५० अंश सेल्सियसहून अधिक असते. मात्र प्रचंड दाबामुळे ते उकळत नाही. थंड पाण्यात मिसळताच त्यातील धातूंची सल्फाइडे अवक्षेपित होऊन काळ्या धुरासारखे लोट उठतात.

शोध

फेब्रुवारी १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर ‘ॲल्विन’ या पाणबुडीतून ही जीवसृष्टी प्रथम दिसली. मोहीम भूवैज्ञानिकांची होती. तीत एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. फॉर्मॅलिन अपुरे पडल्याने काही नमुने चक्क व्होडकात ठेवावे लागले.

जीवसृष्टी

येथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही. जीवाणू हायड्रोजन सल्फाइडच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवून अन्न तयार करतात. यास रसायनसंश्लेषण म्हणतात. ही सृष्टी सूर्यावर मुळीच अवलंबून नाही असे अनेकदा लिहिले जाते, ते काटेकोरपणे खरे नाही. या क्रियेस लागणारा ऑक्सिजन पृष्ठभागाजवळील प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो.

रिफ्टिया हा नलिकाकृमी दोन मीटरपर्यंत वाढतो. प्रौढ कृमीस तोंडही नसते आणि अन्ननलिकाही नसते. त्याच्या लालभडक पिसाऱ्यातील हीमोग्लोबिन ऑक्सिजन व सल्फाइड ही दोन्ही द्रव्ये वाहून नेते आणि शरीरातील सहजीवी जीवाणूंना पुरवते. त्या बदल्यात जीवाणू त्याला पोसतात.

उपयोग

विवरांतील सूक्ष्मजीवांची विकरे अतिउष्णतेतही कार्यक्षम राहतात. कॅलिफोर्नियाच्या आखातातील एका सूक्ष्मजीवापासून मिळालेले ‘डीप व्हेंट’ पॉलिमरेज डीएनएच्या प्रती काढताना वापरतात. अधिक प्रसिद्ध असलेले ‘टॅक’ पॉलिमरेज मात्र येलोस्टोनच्या जमिनीवरील उष्ण झऱ्यातील जीवाणूपासून मिळाले आहे. या दोहोंची गल्लत करू नये. जीवनाचा उगम अशाच विवरांत झाला असावा, असेही एक मत आहे. ते अद्याप सिद्ध झालेले नाही.

खाणकाम आणि धोका

विवरांजवळ तांबे, जस्त, सोने व चांदी असलेले साठे बनतात. भारताने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार करून हिंदी महासागरातील १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा साठ्यांच्या पूर्वेक्षणाचा हक्क मिळवला. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या कामात सहभागी आहे. याच महासागरात, २००१ मध्ये प्रथम आढळलेली, पायावर लोहसल्फाइडचे खवले असणारी गोगलगाय राहते. तिचा वावर मोजक्याच विवरांपुरता आहे. संभाव्य खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक ‘लाल यादी’त झाली.