साक्षीसमन्स
दिवाणी दाव्यात साक्ष देण्यासाठी किंवा ताब्यातील दस्तऐवज हजर करण्यासाठी न्यायालयाने एखाद्या व्यक्तीवर बजावलेला लेखी हुकूम. ही व्यक्ती पुष्कळदा वादी वा प्रतिवादी नसते, तर केवळ त्रयस्थ असते. तंट्याशी संबंध नसलेल्या माणसावर सत्यशोधनासाठी किती सक्ती करावी, हा या विषयातील मूळ प्रश्न होय.

मराठा अमदानीत वतनाच्या तंट्याचा निवाडा गोतसभेत होई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन व बलुतेदार सभेस बसत आणि महजरावर आपली नावे वा नांगरासारख्या निशाण्या करीत. साक्ष देणारे व निवाडा करणारे एकाच समाजातील असल्याने साक्षीदार खऱ्या अर्थाने त्रयस्थ नसे.

इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात चॅन्सरी न्यायालय दंडाची धमकी देऊन हजर राहण्याचे हुकूम काढू लागले. १५६३ च्या कायद्याने, योग्य प्रवासखर्च देऊ करूनही गैरहजर राहणाऱ्या साक्षीदारास १० पौंड दंड ठरविला. सक्ती आणि खर्चाची भरपाई यांची ही सांगड पुढे भारतातही आली. येथे पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता १८५९ मध्ये झाली. १८७७ व १८८२ च्या संहितांनंतर १९०८ ची संहिता अंमलात आली. हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यास ती १ एप्रिल १९५१ पासून लागू झाली.

या संहितेचे कलम ३० ते ३२ व आदेश १६ यांत साक्षीसमन्साची तरतूद आहे. वादप्रश्न निश्चित झाल्यावर पक्षकार साक्षीदारांची यादी देतो व त्यांचा खर्च न्यायालयात भरतो. केवळ दस्तऐवज मागविला असल्यास तो दुसऱ्याकरवी पाठविला तरी चालते; आणि दस्तऐवज हजर केला एवढ्यानेच ती व्यक्ती साक्षीदार ठरत नाही. सबळ कारणाविना हुकूम मोडणाऱ्यावर वॉरंट, मालमत्तेची जप्ती अथवा दंड असे उपाय योजता येतात. कलम ३२ खालील दंडाची कमाल मर्यादा २००२ पासून ५,००० रुपये आहे.

त्रयस्थाचे संरक्षणही संहितेने पाहिले आहे. न्यायालयाच्या स्थानिक हद्दीबाहेर राहणाऱ्यास १०० किमी.पेक्षा, अथवा पाचषष्ठांश अंतर सार्वजनिक वाहनाने तोडता येत असल्यास ५०० किमी.पेक्षा कमी अंतरावरूनच जातीने बोलाविता येते. विमानभाडे दिल्यास मात्र ही मर्यादा राहत नाही. एरवी दूरच्या साक्षीदाराची जबानी आयोगामार्फत घेतात. १८९१ च्या बँक-पुस्तक पुरावा अधिनियमानुसार, बँक पक्षकार नसताना तिच्या अधिकाऱ्यास मूळ हिशेबपुस्तके घेऊन येण्यास विशेष कारणाशिवाय भाग पाडता येत नाही. प्रमाणित नक्कल पुरते.

औद्योगिकीकरणाबरोबर साक्षीसमन्साचे महत्त्व वाढले. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज औद्योगिक क्षेत्र व बजाजनगर वसाहत यांसारख्या ठिकाणी रहिवासी निरनिराळ्या गावांहून येऊन वसलेले असतात. अशा क्षेत्रातील भूखंडाच्या हक्काबद्दल दोघांत तंटा झाल्यास वाटपाची कागदपत्रे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या दप्तरी, तर पैशाच्या देवघेवीची नोंद बँकेत असते. पूर्वी गोताच्या स्मरणात असलेला पुरावा आता त्रयस्थाच्या दप्तरात गेला आहे. स्वतःजवळ कागद नसलेल्या पक्षकारास तो न्यायालयापुढे आणण्यासाठी साक्षीसमन्साचाच मोठा आधार असतो.