जत्रेचे तिकीट

फुटबॉलचा आणि आमच्या नगर जिल्ह्याचा संबंध फार जवळचा नाही. महाराष्ट्रात फुटबॉलचे वेड म्हटले की कोल्हापूर आठवते, तिथल्या तालमींचे संघ आणि शाहू स्टेडियम आठवते. आमच्याकडे गर्दी जमते ती देवाच्या नावाने. मढीला, मोहट्याला, शिर्डीला, शनिशिंगणापूरला. तरीही आज सुरुवात फुटबॉलपासून करतो आहे, कारण जर्मनीत नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्याने फोनवर सांगितलेली एक गोष्ट डोक्यात घर करून बसली आहे.

तो म्हणाला, "काका, इकडे मॅचचं तिकीट काढलं की बऱ्याच ठिकाणी बसचं, ट्रामचं तिकीट वेगळं काढावं लागत नाही. एकाच कागदावर दोन्ही!" २००६ साली जर्मनीत विश्वचषक झाला तेव्हाही सामन्याच्या तिकिटावर त्या दिवशीचा शहरातला प्रवास चालत असे. २०२२ला कतारमध्ये प्रेक्षकांना मेट्रो मोकळी होती. आपल्याकडेही चेन्नईत आयपीएलच्या सामन्याचे तिकीट दाखवून मेट्रोने जाण्याची सोय २०२३ साली झाली. पण जर्मनीतली दुसरी बाजूही पुतण्याने सांगितली. तिथे स्टेशनात शिरताना बहुधा फाटक नसते, कंडक्टर नसतो. तुम्ही तिकीट काढले आहे असे धरूनच चालतात. मात्र अधूनमधून साध्या कपड्यांतले तपासनीस डब्यात शिरतात आणि तिकीट नसेल तर साठ युरो वसूल करतात. अशा प्रवासाला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ 'काळा प्रवास'. आपण सरळ 'फुकट्या' म्हणतो. मला विचाराल तर आपला शब्द जास्त बोचरा आहे!

मंडळी, विचार करत गेलो तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न फुटबॉलचा नाहीच. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वाटेने हजारो माणसे एकदम निघाली की त्यांच्याकडून भाडे कसे घ्यायचे, आणि घेताना त्यांना माणूस समजायचे की चोर, असा हा प्रश्न आहे. आणि या बाबतीत आपला अनुभव युरोपपेक्षा कमी नाही.

आधी रेल्वे घेऊ. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि नगर आगगाडीच्या नकाशावर आले. पुढे १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचली. म्हणजे नगरच्या माणसाला दौंड, कुर्डुवाडी असे गाड्या बदलत विठोबाच्या पायाशी जाता येऊ लागले. रेल्वे कंपन्यांना यात्रेकरू हवेच होते, कारण तिसऱ्या वर्गाची गर्दी हेच त्यांचे मोठे उत्पन्न. पण हवा होता तो पैसा. मोठ्या मेळ्यांच्या वेळी देशात अनेक ठिकाणी यात्रेकरूंना मालगाडीच्या डब्यांतून नेत असत. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर पुस्तिका लिहिली ती उगाच नव्हे. त्यावर यात्राकर निराळा. स्वातंत्र्यानंतरही १९५६ साली संसदेने रेल्वे प्रवाशांवरील सीमाकराचा कायदा केला, तो तीर्थक्षेत्रांना आणि मेळ्यांना जाणाऱ्यांच्या तिकिटावर कर घेण्यासाठीच. गंमत पाहा, जर्मनीत सामन्याच्या तिकिटात प्रवास येतो. आपल्याकडे प्रवासाच्या तिकिटात देवदर्शनाचा कर येत होता.

विलायतेतही फार वेगळे नव्हते. तिथे फुटबॉलच्या प्रेक्षकांसाठी खास गाड्या सोडत. १९७०च्या दशकात या गाड्यांना मुद्दाम जुने, टाकाऊ डबे लावत, कारण पोरे मोडतोड करणार हे गृहीतच धरलेले असे. आमच्या यात्रेकरूने काही मोडतोड केली नव्हती, तरी त्याला गुरांचा डबा मिळाला. गर्दी कोणतीही असो, तिच्या वाट्याला सर्वांत वाईट डबा आणि सर्वांत कडक पहारा येतो, हे दोन्हीकडे सारखेच.

आता एसटी. ही तर आमच्या नगरची लेकच! १ जून १९४८ रोजी पुणे आणि नगर यांच्या दरम्यान पहिली गाडी धावली. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. या गाडीचे भाडे '९ पैसे' होते असे वर्तमानपत्रांत दर जूनमध्ये छापून येते. मी आयुष्यभर मुलांना त्रैराशिक शिकवले, त्यामुळे असा आकडा दिसला की हात शिवशिवतो. १९४८ साली दशमान पैसा नव्हताच, तो १ एप्रिल १९५७ला आला. तेव्हा रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. म्हणजे ९ पैसे हे सव्वादोन आणे झाले. नगर ते पुणे पंचाहत्तर मैल सव्वादोन आण्यांत? पण मैलाला ९ पै धरा. पंचाहत्तर गुणिले नऊ, सहाशे पंचाहत्तर पै. बाराने भागले की छप्पन्न आणे आणि वर थोडे, म्हणजे साडेतीन रुपयांच्या आसपास. हे मनाला पटते. 'पै'चा 'पैसा' झाला आणि 'मैलाला' हा शब्द वाटेत उतरून गेला, असे माझे मत आहे.

एसटीपूर्वी खासगी 'सर्व्हिस' मोटारी होत्या. भाडे घासाघीस करून ठरे, गाडी भरेपर्यंत हलत नसे, आणि जत्रेच्या दिवसांत भाव चढत. एसटीने सर्वांत मोठी गोष्ट कोणती केली असेल तर जत्रेच्या दिवशी आणि आडदिवशी टप्प्याचे भाडे नियमाने बांधले आणि प्रत्येकाच्या हातात छापील तिकीट दिले. सहा किलोमीटरचा एक टप्पा, वाहकाच्या पेटीत रंगीबेरंगी तिकिटांचे गठ्ठे, त्यावर पंचची टिकटिक. माझ्या पिढीने तो आवाज ऐकत नोकऱ्या केल्या. त्या इवल्याशा कागदामुळे पाटलाला आणि मजुराला एकच भाव झाला. ही लहान गोष्ट नव्हे.

पण तिकीट आले की तिकीट चुकवणे आले. त्याचेही प्रकार होते. सर्वांत निष्पाप प्रकार म्हणजे मुलाचे वय. गावातली एखादी बाई शाळेत नाव घालताना मुलाला सहा वर्षे पूर्ण झाल्याचे शपथेवर सांगे आणि त्याच आठवड्यात एसटीत त्याला "अजून पाचवं लागलंय" म्हणे. शाळेचे रजिस्टर आणि एसटीचे अर्धे तिकीट यांच्यामध्ये आमची पोरे दोन वयांची वाढली. दुसरा प्रकार जत्रेचा. "देवाच्या वाटंला कसलं तिकीट?" असे म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना आपण चोरी करतो असे वाटतच नसे. पायी जाणाऱ्याला वाटेतली गावे फुकट जेवू घालतात, मग गाडीने फुकट न्यायला काय झाले, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे, पण तो लबाडाचा नाही, एवढे मात्र मला नेहमी वाटत आले.

याची किंमत मोजतो कोण? वाहक. माझा एक माजी विद्यार्थी वाहक होऊन निवृत्त झाला. तो सांगे, "सर, वर्षभराच्या ड्युट्या एकीकडे आणि यात्रेची ड्युटी एकीकडे." होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा चालते. अशा वेळी गाडीत आसनांच्या दुप्पट माणसे. दारात माणसे, शिडीला माणसे. मागच्या बाकापर्यंत वाहक पोचायच्या आत चार जण उतरूनही जातात. आणि तेवढ्यात पुढे रस्त्यात तपासणीची जीप उभी असली तर? वे-बिल, पेटीतली रोकड आणि गाडीतली डोकी यांचा मेळ बसला नाही की प्रवाशाला दंड होतो, पण वाहकाची नोकरी पणाला लागते.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १७८. विनातिकीट प्रवाशाला पाचशे रुपयांपर्यंत दंड. त्याच कलमात तिकीट न देणाऱ्या वाहकालाही शिक्षा सांगितली आहे. पण वाहकाचे खरे मरण खातेनिहाय चौकशीत असते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात हरियाणा सरकार विरुद्ध रतन सिंग असा खटला गाजला. रतन सिंग बसवाहक. तपासणी पथकाला गाडीत काही प्रवाशांकडे तिकिटे आढळली नाहीत. पैसे घेतले पण तिकीट दिले नाही असा त्याच्यावर आरोप आला आणि नोकरी गेली. खालच्या न्यायालयांनी विचारले की त्या प्रवाशांपैकी एकाचीही साक्ष का घेतली नाही? मुद्दा बिनतोड वाटतो. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने निकाल फिरवला. खात्याच्या चौकशीला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागू नाहीत, निघून गेलेल्या प्रवाशांना शोधून आणण्याची सक्ती नाही, काहीतरी विश्वसनीय पुरावा असला की पुरे, असे न्यायालयाने म्हटले. व्यवहार म्हणून ते समजते. रस्त्यावरच्या प्रवाशाला कुठे शोधणार? पण कृष्ण अय्यर म्हणजे गरिबांचा कैवार घेणारे न्यायाधीश. त्यांनाही यातून दुसरी वाट काढता आली नाही, यावरून तिकिटाचा पेच किती अवघड आहे ते कळावे.

आता अलीकडचे. २०२४च्या आषाढीला एसटीने पंढरपूरसाठी पाच हजार जादा गाड्या सोडण्याचे जाहीर केले. यात्रेसाठी पंढरपुरात चार तात्पुरती बसस्थानके. आमच्या नगरच्या गाड्या नाशिक, जळगाव, धुळ्याच्या गाड्यांबरोबर विठ्ठल कारखान्याजवळच्या स्थानकावर. आणि फुकट्या प्रवाशांना आळा घालण्यासाठी मार्गांवर बारा तपासणी नाके, त्यावर रात्रंदिवस दोनशेच्या वर कर्मचारी! बातमी वाचून आधी वाईट वाटले. विठ्ठलाच्या वाटेवर बारा नाके? मग त्याच बातमीतली दुसरी ओळ वाचली आणि बरे वाटले. एखाद्या गावातून चाळीसहून अधिक प्रवासी मिळून जाणार असतील तर गाडी थेट त्यांच्या गावात येईल.

वाचकहो, मला ही दुसरी ओळ बारा नाक्यांपेक्षा मोलाची वाटते. गावातून भजनी मंडळ निघते. कोण येणार हे आधी ठरते, पैसे एकाजवळ जमतात, गाडी मारुतीच्या देवळापाशी उभी राहते. त्या गाडीत फुकट्या कसा असेल? शेजारचा तुकाराम आणि समोरची पारूबाई ओळखीची असताना तिकीट बुडवणार कोण? तपासनीस चढला तरी त्याला चहाच पाजतील! जर्मनीत सामन्याच्या तिकिटाने जे साधले तेच इथे गावाच्या यादीने साधते. भाडे गर्दीच्या आधी घ्या म्हणजे गर्दीत माणसाचा संशय घ्यावा लागत नाही. सगळ्या तिकीटव्यवस्थेचे सार मला यात दिसते.

एक शेवटची गोष्ट, माझ्या वयाच्या वाचकांसाठी. २६ ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. मार्च २०२३पासून महिलांना अर्धे भाडे. मी पंचाहत्तरी ओलांडलेलीच असल्यामुळे वाहक मला शून्य रुपयांचे तिकीट देतो. काही समवयस्क ते घेतच नाहीत. "फुकट आहे ना, मग कागद कशाला?" म्हणतात. अहो, कागद घ्या! त्या शून्याच्या कागदावरून सरकार एसटीला तुमच्या भाड्याची भरपाई देते. दुर्दैवाने अपघात झालाच तर तुम्ही त्या गाडीत होता याचा तोच पुरावा. आणि तपासणीला गाडी थांबली तर गाडीतल्या डोक्यांच्या आणि मशीनमधल्या आकड्याच्या मेळात तुमचे एक डोके कमी पडता कामा नये, नाहीतर जाब वाहकालाच द्यावा लागतो.

तिकीट म्हणजे नुसते भाडे नव्हे. 'हा माणूस या गाडीत होता' अशी ती एक नोंद आहे. शाळेत मी रोज सकाळी हजेरी घेत असे, तेव्हा गरीब-श्रीमंत, हुशार-ढ असा भेद नसे. नाव पुकारले की 'हजर' म्हणायचे. जत्रेतल्या गर्दीचीही तशीच हजेरी लागावी. दम देऊन नव्हे, नाव विचारून. तेवढे झाले तर नाके आपोआप कमी होतील, आणि यात्रेची ड्युटी लागली म्हणून एखाद्या वाहकाच्या घरी त्या रात्री कुणाला जागे राहावे लागणार नाही.