चाकोरी, चाक आणि उंची

गेल्या हिवाळ्यात धारूर तालुक्यातल्या एका शिक्षक मित्राने आम्हाला एक प्रश्न विचारला. त्याच्या भावाकडे जुनी, जीपच्या घाटाची पिकअप आहे. शेतातून कडबा, सीताफळे, कधी शेळ्या, असा तिचा संसार. वस्तीवरून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत गाडीचे पोट जमिनीला घासते. गॅरेजवाल्याने सुचवले की पाटे धुरीच्या वर चढवून गाडी १० सेंटिमीटर उंच करू आणि मोठे टायर घालू. "करावे का?" एवढाच मित्राचा प्रश्न होता.

उत्तर देण्यासाठी आम्ही वही-पेन्सिल घेऊन बसलो आणि बैलगाडीपर्यंत मागे गेलो. कारण गाडीचे पोट ज्यावर घासत होते तो उंचवटा बैलगाड्यांनीच तयार केला होता.

'चाकोरी' हा शब्द आज आपण कंटाळवाण्या आयुष्याबद्दल वापरतो. मूळची चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी वाटेत पडलेल्या दोन समांतर खोल रेघा. काळ्या रानात पावसाळ्यानंतर त्या वाळून दगडासारख्या होतात आणि मधला पट्टा उंच राहतो. बैलगाडीला त्याचे काहीच वाटत नाही, कारण तिचा आस जमिनीपासून पाऊण मीटर वर असतो. जीपच्या मागच्या धुरीच्या मध्यावर मात्र डिफरन्शियलचा लोखंडी गोळा लोंबत असतो. तो जमिनीपासून जेमतेम वीतभर वर.

बैलगाडीचे चाक एवढे मोठे का, हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. गोदावरीच्या खोऱ्यात चाक फार जुने आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे, आणि त्याची चाके भरीव आहेत. चाकाला आरे आल्यावर ते हलके झाले आणि हलके झाल्यामुळे मोठे करता आले. आपल्याकडचे लाकडी चाक साधारण दीड मीटर व्यासापर्यंत गेले.

मोठ्या चाकाचा फायदा आकड्यात पाहू. वाटेत १० सेंटिमीटर उंचीचा दगड आहे आणि त्यावरून चाक आडवे ओढून न्यायचे आहे. दगडाच्या कडेभोवती आघूर्ण घेतले की सूत्र मिळते: बल ÷ वजन = √(२त्रउ − उ²) ÷ (त्र − उ). इथे 'त्र' ही चाकाची त्रिज्या आणि 'उ' ही दगडाची उंची. दहावीच्या मुलांना आकृती काढून हे सिद्ध करता येते. त्रिज्या ७५ सेंटिमीटर असेल तर १०० किलो भाराच्या चाकाला सुमारे ५८ किलो ओढ लागते. जुन्या जीपचे ६.००-१६ मापाचे टायर सुमारे ७३ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे त्रिज्या ३६.५. ते टणक मानले तर त्याच दगडाला ९५ किलो लागतात. सुताराने हे सूत्र मांडले नव्हते, पण त्याच्या बैलांनी ते त्याला शिकवले होते.

या चाकावर लोखंडी धाव चढवण्याची कृती ज्यांनी पाहिली असेल त्यांना उष्णतेने होणारे प्रसरण वेगळे शिकवावे लागत नाही. धाव लाकडापेक्षा किंचित लहान करतात, शेणीच्या जाळात लाल होईपर्यंत तापवतात, चाकावर ठोकतात आणि लगेच पाणी ओततात. दीड मीटर व्यासाची धाव ५०० अंशांनी तापली तर तिचा व्यास जवळपास ९ मिलिमीटरने वाढतो. निवाल्यावर तेवढीच आवळून ती आरे, पुठ्ठे आणि तुंबा एकजीव करते.

पण या धावेनेच रस्त्यांचा घात केला. धाव सुमारे ५ सेंटिमीटर रुंद असते आणि कठीण रस्त्यावर तिचा टेकणारा भाग एक-दोन सेंटिमीटर लांबीचा. चाकावर अर्धा टन भार असेल तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ५० किलो किंवा त्याहून जास्त दाब पडतो. खडीचा रस्ता त्याखाली भरडला जातो. मोटारी आल्या तेव्हा हे भांडण उघडे पडले: मोटारीला गुळगुळीत रस्ता हवा आणि बैलगाडी तो टिकू देईना. रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीने पेट्रोलवर जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. रस्त्यांना पैसा मिळाला, पण लोखंडी धाव गेली नाही.

तिच्यावरचा तोड युरोपात आधीच निघाला होता. हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले, पण ते विसरले गेले. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी ते पुन्हा शोधले. डनलॉप व्यवसायाने पशुवैद्य होते आणि त्यांनी पहिला टायर मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केला. १९३०च्या दशकात हवेच्या टायरच्या बैलगाड्या भारतात दिसू लागल्या. त्यांची चाके लाकडी चाकांपेक्षा बरीच लहान होती.

मग आपल्या सूत्राचे काय झाले? सूत्र टणक चाकासाठी आहे. हवेचा टायर दगडावर चढत नाही, तो दगड पोटात घेतो. त्याचा जमिनीवरचा दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाइतकाच, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन-तीन किलो, राहतो. त्यामुळे तो मऊ रानात कमी रुततो आणि रस्ताही भरडत नाही. उंचीने मिळणारा फायदा मऊपणाने मिळवता येतो, हा या इतिहासातला मोठा शोध आहे असे आम्हाला वाटते.

बीडच्या शिक्षकांना टायरगाडी वेगळी सांगायला नको. दसरा-दिवाळीनंतर वर्ग निम्मा रिकामा होतो, तेव्हा मुले आईबापांसोबत कारखान्यांच्या परिसरात गेलेली असतात. तोडणीच्या जगात डोकी सेंटर, गाडी सेंटर आणि टायर सेंटर असे भेदच आहेत. टायर सेंटरमध्ये गाडी कारखान्याची आणि बैल मजुराचे असतात. लाकडी गाडीत जिथे टनभर ऊस जायचा तिथे टायरगाडीत दोन-अडीच टन जाऊ लागला. म्हणजे टायरने वाचवलेली ओढ बैलांच्या वाट्याला आलीच नाही, ती उसाच्या वाट्याला गेली. चढावर ठीक, पण उतारावर काय? पुष्कळ टायरगाड्यांना ब्रेक नसतात. उंच रचलेल्या उसाचा गुरुत्वमध्य आसाच्या बराच वर असतो. गाडी पुढे कलली की तो पुढे सरकतो आणि सगळा रेटा जुवावर, म्हणजे बैलांच्या मानेवर येतो. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७०च्या दशकात देशभरातल्या बैलगाड्यांचा अभ्यास हाती घेतला आणि जू, ब्रेक व चाक यांचा एकत्र विचार करावा असा आग्रह धरला. कारखान्यांच्या आवारात आजही एकेकदा टायर नवा आणि जू आजोबांच्या काळचे दिसते.

आता जीपकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१ मध्ये विलीज कंपनीने बनवलेली ही गाडी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्राने जोडायला घेतली. पुढे तिच्याच घाटाच्या कितीतरी गाड्या मराठवाड्यात फिरल्या. बीड शहरात रेल्वे पोहोचली ती २०२५ साली. तोवर बालाघाटाच्या वाडी-तांड्यांचा सारा भार एसटी आणि जीप यांनीच वाहिला. या गाड्यांचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी कमानी, घोडागाडीकडून आले. ओबादाया इलियट यांनी लंडनमध्ये १८०४ साली तशा कमानीचे पेटंट घेतले होते आणि आपल्या टांग्यांखालीही त्याच जातीच्या कमानी असत.

पाटे उंच केल्याने नेमके काय उंच होते? गाडीची चौकट आणि त्यावरचे सगळे. धुरी चाकांना जोडलेली आहे, ती आहे तिथेच राहते. म्हणजे चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला घासणारा गोळा एक मिलिमीटरही वर जात नाही! पाटे १० सेंटिमीटर वर नेण्याचा उपयोग दोनच: मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा होते आणि पुढचा बंपर नाल्याच्या काठाला अडत नाही. गोळा उचलण्याचे काम फक्त टायर करतो, आणि तेही व्यासवाढीच्या निम्मेच. ६.००-१६ काढून सुमारे ७७.५ सेंटिमीटर व्यासाचे ७.००-१६ घातले तर गोळा सव्वादोन सेंटिमीटर वर जातो. दगडाच्या सूत्रातही ९५चे ९० होतात. एवढाच लाभ.

खर्च मात्र अनेक खात्यांत पडतो. व्यास ६ टक्के वाढला की इंजिनाची जमिनीवरची ओढ ६ टक्के घटते आणि ब्रेकची पकडही तेवढीच. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, म्हणून तो खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. पाटे उचलले की गिअरपेटीपासून मागे जाणारा दांडा तिरका होतो. त्याच्या टोकांना गॅरेजात ज्याला 'क्रॉस' म्हणतात तो सांधा असतो. तो रॉबर्ट हूक यांच्या नावाने ओळखला जातो. स्प्रिंगचा नियम मांडणारे तेच हूक. सांधा १० अंशांत वाकला असेल तर दांड्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा दीड टक्क्याने कमी-जास्त होतो. २० अंशांना हा चढउतार ६ टक्क्यांवर जातो. चालकाला तो थरथरीच्या रूपात कळतो आणि क्रॉस लवकर संपतो.

आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला तो उलटण्याच्या हिशेबावर. दोन चाकांतले अंतर १२३ सेंटिमीटर आणि रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर धरू. अशी गाडी आडवी ४३ अंश कलेपर्यंत उलटत नाही. कडबा रचल्यावर गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटरवर गेला तर हा कोन ३४ अंश होतो आणि पाटे १० सेंटिमीटर उचलल्यावर ३२ अंशांच्या आत येतो. दोन अंश किरकोळ वाटतात. पण धारूरच्या घाटात २० मीटर त्रिज्येचे वळण आहे असे समजा. भरलेली जुनी गाडी तिथे ताशी ४२ किलोमीटरच्या सुमारास उलटेल, उंच केलेली ३९.५ला. आणि मोठ्या टायरमुळे त्या क्षणी काटा ३७ दाखवत असेल! प्रत्यक्षात पाटे दबतात, कडबा हलतो, म्हणून खरे आकडे याहून बरेच कमी. दोन बदलांच्या चुका अशा एकाच दिशेने जोडल्या जातात, हे आम्हाला कागदावर मांडेपर्यंत सुचले नव्हते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. त्यामुळे टायर बदलायचा तर तो निर्मात्याने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या मापांत आहे का, हे आधी पाहावे लागते. उंच केलेल्या गाडीला अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो, तो वेगळाच.

आम्ही मित्राला हा सगळा हिशेब पाठवला आणि एकच काम सांगितले: गोळा नेमका कुठे लागतो ते मोजून आण. त्याने सातवीची मुले, शाळेची मीटरपट्टी आणि दोरी घेतली. दोन्ही रेघांवर आडवी काठी टाकून मधल्या उंचवट्याची उंची मुलांनी दर दहा पावलांवर वहीत लिहिली. सातशे मीटरच्या वाटेत गोळ्याला लागणाऱ्या जागा चारच निघाल्या. तीन ठिकाणी वाळलेली ढेकळे होती आणि एका ठिकाणी पुरलेला दगड.

दगड पहारीने काढला आणि ढेकळे कुदळीने फोडून रेघांत भरली. ७.००-१६ हे माप गाडीच्या पुस्तिकेत होते, तेव्हा जुने टायर झिजल्यावर तेच घ्यायचे ठरले. पाट्यांना हात लावला नाही. मुलांची ती वही त्याने आम्हाला दाखवली. शेवटच्या पानावर कुणीतरी बैलगाडीचे चाक मोजून त्याचा व्यास १४६ सेंटिमीटर लिहिला होता आणि खाली विचारले होते, "सर, मग बैलगाडीला स्पीडोमीटर लावला तर?"