किरणोत्सर्गी औषधांची कसोटी

बचनाग हें जालीम विष. तरीहि आमचे वैद्य तो शुद्ध करून औषधांत योजितात. विष कोणतें आणि औषध कोणतें हें द्रव्यावरून ठरत नाहीं, कसोटीवरून ठरतें. किरणोत्सर्गी औषधांचा इतिहास वाचतांना आम्हांस या गोष्टीची पुनः प्रचीति आली.

क्यूरी दंपतीनें १८९८ सालीं रेडियम शोधून काढलें, आणि पुढील तीस वर्षांत त्याच्या तेजानें पाश्चात्त्य जग इतकें दिपलें कीं, रेडियमचें पाणी बलवर्धक म्हणून विकलें जाऊं लागलें. अमेरिकेंतील ‘रॅडिथॉर’ हें त्यांपैकींच एक. एबेन बायर्स या धनिक कारखानदारांनीं हाताच्या दुखापतीनंतर त्याच्या सुमारें १,४०० बाटल्या रिचविल्या. रेडियम हें रासायनिक गुणांनीं कॅल्शियमचें भावंड. म्हणून तें हाडांत घर करून बसतें. त्याचा निम्मा अंश नाहींसा होण्यास सुमारें १,६०० वर्षें लागतात. हा पाहुणा यजमान गेला तरी निघत नाहीं! बायर्स यांचा जबडा झिजला व १९३२ सालीं त्यांचा अंत झाला. द्रव्य शरीरांत कोठें जातें आणि किती काळ राहतें, या दोन प्रश्नांचा निकाल लागण्यापूर्वींच ती बाटली बाजारांत आली होती.

चार वर्षांनीं बोस्टन येथें या प्रश्नांस खरी वाट मिळाली. १९३६ च्या नोव्हेंबरांत पदार्थविज्ञानवेत्ते कार्ल कॉम्प्टन यांच्या व्याख्यानानंतर डॉ. सॉल हर्ट्झ यांनीं, आयोडीन कृत्रिम रीतीनें किरणोत्सर्गी करतां येईल काय, अशी पृच्छा केली. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि आयोडीन ओढून घेते. तेव्हां तेंच किरण सोडूं लागलें, तर ग्रंथीचें काम बाहेरून मोजतां येईल आणि बेताल ग्रंथीस आवरहि घालतां येईल, असा त्यांचा तर्क होता.

तर्क सुचला म्हणून त्यांनीं रोगी हाताशीं धरला नाहीं. आर्थर रॉबर्ट्स यांच्या साहाय्यानें १९३७ सालीं प्रयोग झाले ते ४८ सशांवर. त्या वेळचें आयोडीन-१२८ अवघ्या २५ मिनिटांत निम्में होई. सारें काम घड्याळाशीं शर्यत लावून करावें लागे. सशांच्या ग्रंथींनीं तें ओढून घेतलें, वाढलेल्या ग्रंथींनीं अधिकच. पुढें १२ तास टिकणारें आयोडीन-१३० सायक्लोट्रॉनमधून मिळूं लागलें, तेव्हां कोठें १९४१ सालीं पहिल्या रोग्यास तें देण्यांत आलें.

तरीहि कसोटी संपली नव्हती. हर्ट्झ आपल्या रोग्यांस मागाहून साधें आयोडीनहि देत. मग गुण नेमका कशाचा? ते १९४३ सालीं आरमारांत गेल्यावर अर्ल चॅपमन यांनीं साधें आयोडीन वगळून पाहिलें, तरी गुण आला. १९४६ सालीं दोघांचे अहवाल एकाच अंकांत छापले गेले : हर्ट्झ यांचे २९ रोगी, चॅपमन यांचे २२.

परळ येथें १९६३ सालीं निघालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरांत आज थायरॉइडच्या रोग्यास आठ दिवसांत निम्में होणारें आयोडीन-१३१ देतात. तो घोट निःशंकपणें घेतां यावा, म्हणून कोणी तरी दहा वर्षें शंका घेत बसलें होतें, याची आठवण आपण ठेवावी असें आम्हांस वाटतें.