ज्वारीची बिअर गढूळ का दिसते? आधी आयोडीन टेस्ट, मग जिलेटिन

घरी केलेली बिअर दुधाळ दिसली की बहुतेक जण थेट जिलेटिन टाकतात. पण गढूळपणा एकाच प्रकारचा नसतो, आणि काही प्रकारांवर जिलेटिनचा काडीचाही उपयोग होत नाही.

आधी कायद्याचं बोलू. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार लायसन्सशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, अगदी स्वतःपुरती असली तरी. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने याला मोकळीक मिळाली. त्यामुळे परभणीत बसून वाचत असाल तर हे विज्ञान म्हणूनच वाचा. आपला संबंध येतो तो ज्वारीमुळे. इथल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती', 'परभणी ज्योती' असे वाण दिले, आणि परदेशात ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठी याच धान्याची बिअर करतात.

ज्वारीत खरी अडचण स्टार्चची. बार्लीचा स्टार्च साधारण ६०-६५ अंशांवर फुलतो, ज्वारीचा ६८-७८ वर. म्हणजे बार्लीच्या रेसिपीप्रमाणे ६६ अंशांवर भिजवलं तर ज्वारीचा बराच स्टार्च कच्चा राहतो, त्याची साखर होत नाही आणि तो बिअरमध्ये उतरतो. ओळखायची पद्धत शाळेतलीच: उकळण्याआधीच्या गाळलेल्या रसाचा थेंब पांढऱ्या बशीत घ्या, गार होऊ द्या, त्यावर टिंचर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे. (कोंड्याचा कण आला तर तोही काळा होतो, फसू नका.) उपाय म्हणजे ज्वारी आधी वेगळी शिजवायची, ६५ अंशांपर्यंत गार करायची आणि मग माल्ट किंवा अमायलेज एन्झाइम घालायचं. तयार बिअरमध्ये अमायलेज टाकलं तर नवी साखर तयार होते, यीस्ट ती खातं आणि गॅस वाढतो. अशी बिअर लगेच बाटलीत भरली तर बाटली फुटू शकते. हायड्रोमीटरचं रीडिंग दोन-तीन दिवस स्थिर राहीपर्यंत थांबायचं. दक्षिण आफ्रिकेत मात्र मका-ज्वारीची उमकोम्बोथी गढूळच पितात, तिथे हा प्रश्नच नाही.

फ्रिजमध्ये गढूळ आणि बाहेर काढल्यावर नितळ होत असेल तर ते प्रोटीन आणि पॉलिफेनॉलचं जाळं. दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी. रस उकळताना शेवटच्या १०-१५ मिनिटांत आयरिश मॉस हे समुद्री शेवाळ टाकलं की प्रोटीन बरंच खाली बसतं.

यीस्टचा गढूळपणा सगळ्यात सोपा. ०-२ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवा, बहुतेक यीस्ट तळाशी जातं. नाहीच गेलं तर १९ लिटरला अर्धा छोटा चमचा जिलेटिन, ६५-७० अंशांच्या पाण्यात विरघळवून, उकळायचं नाही. यीस्टवर ऋण भार असतो, जिलेटिनवर धन, म्हणून गोळे होऊन खाली बसतात. पावसाळ्यात नदीच्या पाण्यात तुरटी फिरवतो तेव्हा मातीच्या कणांचंही असंच होतं. पण बिअरमध्ये तुरटी टाकू नका. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं. शाकाहारी लोकांसाठी सिलिका जेल आहे, पण ते मुख्यतः प्रोटीनवर चालतं.

आंबूस वास, वर साय, तार सुटणं, असं दिसलं तर तो जंतूंचा संसर्ग आहे. ती बिअर ओतून द्यायची. आणि माल्टसाठी ज्वारीला मोड आणले असतील तर वाळवून कोंब-मुळं चोळून काढून टाका. त्यांत धुरिन असतं, त्यातून सायनाइड तयार होतं, आणि बिअर कितीही नितळ दिसली तरी डोळ्यांना ते कळत नाही.