उपद्रवाची व्याख्या

समाजमाध्यमांवरील ‘स्पॅम’चा विषय निघाला की तो बहुधा तंत्रज्ञांच्या कक्षेतला मानला जातो. नको असलेले संदेश येतात, ते पुसावेत, पाठवणाऱ्यास रोखावे, एवढ्यावर चर्चा थांबते. वस्तुतः एखादा मजकूर ‘नको असलेला’ आहे हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे, हा प्रश्न भाषेचा आहे आणि सत्तेचाही. गेल्या चार-साडेचार दशकांत त्याला दोन प्रकारची उत्तरे दिली गेली. एका उत्तराने पाठवणाऱ्याचे वर्तन पाहिले, दुसऱ्याने मजकुराचा आशय. या दुसऱ्या उत्तराची किंमत महाराष्ट्रातही मोजली गेली आहे. म्हणून हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या इतिहासाचा आरंभ सामान्यतः मे १९७८ पासून धरतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीतील गॅरी थर्क यांनी आर्पानेटवरील सुमारे चारशे जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकाच वेळी धाडले. हे जाळे ज्या लष्करी यंत्रणेच्या अखत्यारीत होते, तिने हा नियमांचा उघड भंग असल्याचे कळवले. मात्र या प्रकाराला तेव्हा नाव नव्हते. ते पुढे ‘मॉन्टी पायथन’ या इंग्रजी विनोदी मंडळींच्या १९७० मधील एका प्रहसनावरून पडले. त्यात एका खानावळीतील जवळजवळ प्रत्येक पदार्थात ‘स्पॅम’ हे डबाबंद मांस असते, आणि तिथे बसलेले लोक त्याच शब्दाचा असा घोष करतात की इतरांचे बोलणे ऐकूच येत नाही. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी वाईट बोलणे नाही. इतरांचे बोलणे बुडवणारी पुनरुक्ती आहे. आपल्या काव्यशास्त्रात पुनरुक्ती हा रचनेचा दोष गणला गेला. येथे ती वर्तनाचा दोष ठरली.

हा अर्थ पक्का झाला तो यूजनेटवर. विषयवार गटांतून सार्वजनिक चर्चा चालणारे हे जाळे आजच्या समाजमाध्यमांचे पूर्वज म्हणता येईल. जानेवारी १९९४ मध्ये येशूचे आगमन जवळ आल्याचा इशारा देणारा मजकूर तेथील जवळजवळ सर्व गटांवर झळकला. एप्रिलमध्ये ॲरिझोनातील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीसंबंधी आपल्या सेवेची जाहिरात हजारो गटांवर टाकली. एक मजकूर धर्माचा, दुसरा धंद्याचा. परंतु दोहोंवरील आक्षेप एकच होता. ज्या गटाचा त्या विषयाशी काडीचाही संबंध नाही, तेथेही तोच मजकूर पुनःपुन्हा का यावा?

या आक्षेपातून यूजनेटच्या चालकांनी एक मोजमाप स्वीकारले. सेथ ब्राइडबार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा तो निर्देशांक असा : एक मजकूर प्रत्येक खेपेस जितक्या गटांवर टाकला गेला त्या संख्येचे वर्गमूळ काढायचे आणि सर्व खेपांची बेरीज करायची. पंचेचाळीस दिवसांत ही बेरीज वीसवर गेली की तो मजकूर रद्द करण्यास पात्र. वीस गटांवर वेगवेगळा टाकलेला मजकूर वीस गुण मिळवतो; नऊ गटांवर एकाच खेपेस टाकलेला केवळ तीन. या हिशेबात मजकूर चांगला की वाईट, खरा की खोटा, असा प्रश्नच उद्भवत नाही. या नियमाचे शहाणपण आम्हांस इथेच दिसते : त्याने कोणासही दुसऱ्याच्या विचारांचा न्यायाधीश नेमले नाही.

आशयाकडे पाहणारा मार्गही पुढे आला. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एका निबंधात अशी चाळणी सुचवली की जी प्रत्येक शब्दाची संभाव्यता मोजून टपाल निवडील. ही चाळणी दीर्घकाळ उपयोगी पडली. पण तिला चकवण्यासाठी पाठवणाऱ्यांनी जाहिरातीच्या खाली जुन्या कादंबऱ्यांतील उतारे चिकटवण्यास प्रारंभ केला. यंत्राला केवळ शब्द दिसत होते, हेतू दिसत नव्हता.

यंत्राची चूक झाली तर एखादे पत्र हरवते. कायद्याची चूक झाली तर माणूस कोठडीत जातो. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-अ घातले गेले. त्याच्या एका पोटकलमात त्रास वा गैरसोय व्हावी, किंवा संदेशाच्या उगमाविषयी फसवणूक व्हावी, अशा हेतूने पाठवलेल्या संदेशास तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती. स्पॅमचेच हे वर्णन. परंतु त्यात संख्या नव्हती, पुनरुक्ती नव्हती. एकदाच लिहिलेले एक वाक्यही पुरेसे होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला, दुसरीने त्याला पसंती दर्शवली, आणि दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत ६६-अ होते. या प्रकरणानंतर दाखल झालेल्या ‘श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार’ या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी निकाल दिला आणि हे कलम घटनाबाह्य ठरवले. ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ या शब्दांना निश्चित सीमा नाही, एकाला जे खुपते ते दुसऱ्याला खुपेलच असे नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. शब्दाच्या संदिग्धतेवर वर्गात आपण तास घालवतो. येथे त्या संदिग्धतेवर स्वातंत्र्य अवलंबून होते.

समाजमाध्यमांच्या कंपन्याही आता अंशतः वर्तनाकडे वळल्या आहेत. फेसबुकने २०१८ पासून बनावट खात्यांच्या संगनमतासाठी स्वतंत्र नियम वापरला. खाती काय म्हणतात यापेक्षा ती कोणाची आहेत आणि एकमेकांशी कशी बांधलेली आहेत, हे त्यात पाहिले जाते. हा मार्गही निर्धोक नाही. पंढरीच्या वाटेवर लाखो मुखांतून एकच नामघोष होतो, आंदोलनात हजारो माणसे एकच घोषणा देतात. केवळ संख्या मोजणाऱ्यास हाही उपद्रवच वाटेल. म्हणून संख्येच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारावा लागतो : हजार माणसे एक वाक्य बोलत आहेत, की एक माणूस हजार मुखवटे लावून बोलतो आहे? पहिल्यास जागा हवी, दुसऱ्यास अटकाव हवा. तो अटकाव करताना वाक्य आपल्याला रुचते की नाही, हा विचार मध्ये येऊ देता कामा नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.