तळटीप १४ : ‘व्हीटी उतरवायला गेलो’

१४. व्हीटी उतरवणे : विमानाच्या धडावर, शेपटीच्या अलीकडे रंगवलेला नोंदणी-क्रमांक वहीत टिपणे. (मुंबईचे ‘व्हीटी’ स्थानक, म्हणजे बोरीबंदर, इथे अभिप्रेत नाही.) भारतात नोंदलेल्या नागरी विमानांचे क्रमांक ‘व्हीटी’ने सुरू होतात, हा संकेत ब्रिटिश अमदानीतला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणले, ते ‘पुस मॉथ’ विमान ‘व्हीटी-एडीएन’. ब्रिटनमधल्या रेल्वे-इंजिनांचे नंबर जमवण्याच्या छंदाचा हा धाकटा भाऊ. अस्सल छंदिष्टाला नवा क्रमांक हवा असतो. वहीत आलेले विमान पुन्हा दिसले तर त्याचे अप्रूप नाही.

पुढे आलेली ‘उजळाईवाडीची तार’ म्हणजे कोल्हापूर विमानतळाचे कुंपण. हा विमानतळ संस्थानकाळात, १९३९ साली सुरू झाला. तो छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने ओळखला जातो. वारणानगरवरून उंच जाणाऱ्या विमानाची अक्षरे खालून वाचता येत नाहीत, म्हणून एसटीने विमानतळापर्यंत जाण्याचा हा खटाटोप. विमानतळावर छायाचित्रे घेण्यावर नियमांची बंधने असत. तेव्हा कॅमेऱ्यापेक्षा वही-पेन्सिल बिनघोर.